पाकिटातले जिवाणू जिवंत आहेत का?

जिवाणू खताच्या पाकिटावर दोन तारखा छापलेल्या असतात. एक तयार झाल्याची, दुसरी मुदत संपल्याची. या दोन तारखांच्या मधल्या काळात ते पाकीट कुठे पडून होते, किती उन्हात, कुठल्या पत्र्याखाली, हे त्यावर कुठेच लिहिलेले नसते. खरा प्रश्न नेमका तोच आहे. रायझोबियम, म्हणजे सोयाबीनसारख्या पिकांच्या मुळांवर गाठी करून हवेतला नत्र बांधणारा जिवाणू, हा जीव आहे. माळव्यात मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, बंद गोदामात त्याहून वर, आणि चाळिशी ओलांडली की हे जिवाणू झपाट्याने मरू लागतात. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात शेतकरी पाकीट घेतो तेव्हा मुदत बहुधा शिल्लक असते. आत काय शिल्लक आहे, हे कुणीच पाहिलेले नसते.

माझे म्हणणे असे की आपली खरेदी, अनुदान, वाटप, तपासणी, सगळी व्यवस्था हा जिवंत माल युरियाच्या पोत्यासारखा हाताळते. माल मेला की ‘शेतकऱ्याने बीजप्रक्रिया (पेरणीआधी खत बियाण्याला चोळणे) नीट केली नाही’ असे म्हणून मोकळी होते. हे अन्यायाचे आहे, आणि सोयाबीनच्या मुलखात ते महागही पडते.

महाग कसे, त्याचा हिशोब साधा आहे. सोयाबीनच्या दाण्यात ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात, म्हणजे सुमारे ६.४ टक्के नत्र. हेक्टरी १० क्विंटल उत्पादन धरले (आपल्याकडची सरासरी साधारण तेवढीच आहे), तरी नुसत्या दाण्यांतून ६४ किलो नत्र शेताबाहेर जाते. खोड, पाने आणि मुळांना लागणारे वेगळे. मध्य भारतासाठी सोयाबीनला नत्राची शिफारस आहे हेक्टरी २५ किलो. मधली तफावत मुळांवरच्या गाठींनी हवेतून भरून काढावी, अशी या पिकाची सारी मांडणी आहे. गाठींनी ती भरली नाही तर माती भरते. ‘सोयाबीन घेतले की जमीन सुधारते’ हे वाक्य आपल्याकडे सरसकट बोलले जाते. गाठी चांगल्या कामाला लागल्या असतील आणि पाला-मुळे शेतातच राहिली असतील, तर त्यात तथ्य आहे. एरवी सोयाबीनही जमिनीतून घेऊनच जाते, आणि दरवर्षी घेते.

गाठी कामाला लागल्या की नाही, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. पेरणीनंतर ४० दिवसांनी, फुलोरा येताना, वाफसा असताना रोप फावड्याने भोवतालच्या ढेकळासकट उचलायचे. उपटायचे नाही; आपल्या काळ्या चिकण मातीत उपटले की गाठी तुटून आतच राहतात. ढेकूळ बादलीत भिजवायचे, माती आपोआप सुटू द्यायची. मग गाठ नखाने चिरायची. आत लालसर गुलाबी रंग दिसला तर ती नत्र बांधते आहे; तो रंग लेगहिमोग्लोबिनचा. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती कामाची नाही. गाठी कुठे आहेत हेही पाहावे. सोटमुळाच्या वरच्या भागात, दाण्याच्या जवळ, घोसाने आलेल्या गाठी बहुधा बियाण्याला लावलेल्या कल्चरच्या, म्हणजे पाकिटातल्या जिवाणूंच्या असतात. बाजूच्या बारीक मुळांवर विखुरलेल्या असतात त्या जमिनीत आधीपासून असलेल्या जिवाणूंच्या. विनाखर्चाची ही तपासणी कुणालाही करता येते. तरी खेड्यांमधून मी ती फारशी होताना पाहिलेली नाही, आणि कृषी खात्याच्या कुठल्या तक्त्यात तिला रकाना असल्याचेही माझ्या पाहण्यात नाही.

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे. बाजारातले कल्चर आणून त्यातल्या जिवंत पेशी मोजणे हा आमच्याकडे नेहमीचा प्रात्यक्षिकाचा भाग होता. यीस्टचा अर्क आणि मॅनिटॉल घातलेल्या आगारात (काचेच्या बशीत ओतलेल्या जेलीसारख्या माध्यमात) काँगो रेड हा रंग मिसळतात. रायझोबियमच्या वसाहती तो रंग फारसा शोषत नाहीत, पांढुरक्या, ओलसर, अर्धपारदर्शक दिसतात. उपरे जीव बरेचदा लाल होतात. सोयाबीनवर गाठी करणारा त्याचा भाऊबंद ब्रॅडीरायझोबियम तर इतका सावकाश वाढतो की त्याचे ठिपके दिसायला पाच-सात दिवस जातात. चांगल्या पाकिटाची बशी सातव्या दिवशी बारीक पांढऱ्या ठिपक्यांनी भरून जायची. पण पेरणीच्या तोंडावर दुकानातून आणलेल्या काही पाकिटांच्या बश्या दुसऱ्याच दिवशी बुरशीने भरायच्या आणि मुलींना मोजायला काही उरायचेच नाही. त्या बश्या पाहिल्यापासून ‘कल्चरने काही होत नाही’ म्हणणाऱ्या शेतकऱ्याला अडाणी म्हणायची माझी हिंमत होत नाही. त्याच्या हातात जे आले त्याबद्दल तो खरेच बोलतो आहे.

इंदूरजवळ सांवेरकडे आमची थोडी जमीन बटाईने (पिकाच्या वाट्यावर) कसणाऱ्या माणसाचेही हेच उत्तर असते: ‘कल्चर से कुछ नी होता, मैडमजी. डीएपी दिलवा दो.’ त्याच्या या अविश्वासात आणखी एक भर पडली आहे. टंचाईच्या दिवसांत काही दुकानांत डीएपी, हे नत्र-स्फुरदाचे रासायनिक खत, हवे असेल तर सोबत कुठलीतरी ‘जैविक’ बाटली घ्यावीच लागते. २०२४च्या रब्बीआधी डीएपीसाठी मध्य प्रदेशात रांगा लागल्या, ते दिवस आठवावेत. अशा वेळी गळ्यात मारलेली बाटली शेतकरी घरी नेतो आणि ओसरीच्या कोपऱ्यात ठेवून देतो. त्याच्या मनात ‘जैविक’ या शब्दाची जागा तिथे कायमची ठरते. सक्तीने विकलेल्या एका बाटलीचे नुकसान पुढच्या अनेक वर्षांच्या चांगल्या कल्चरला सोसावे लागते. अशी सक्तीची जोडविक्री, म्हणजे टॅगिंग, बेकायदा आहे असे सरकार वारंवार सांगते. त्यावर कारवाई इतकी दिसायला हवी की दुकानदाराला तसे करताना भीती वाटेल.

आता कायद्याकडे पाहू. जिवाणू खते २००६ साली खत नियंत्रण आदेशाखाली आली, हे चांगले पाऊल होते. त्या मानकाप्रमाणे रायझोबियमच्या भुकटीत प्रत्येक ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत पेशी हव्यात, द्रवरूपात प्रत्येक मिलिलिटरमध्ये १० कोटी. आकडा ऐकायला प्रचंड वाटतो. पण शिफारशीप्रमाणे किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम कल्चर लावले तर होतात २५ कोटी पेशी. किलोभर सोयाबीनमध्ये साधारण ८,३०० दाणे असतात. म्हणजे दाण्यामागे ३० हजार पेशी. हे कायद्याला पूर्ण उतरलेल्या, एकही पेशी न मेलेल्या पाकिटाचे गणित आहे. ब्राझीलमध्ये दाण्यामागे १२ लाख पेशींची शिफारस आहे, आणि तिथल्या कायद्याने ग्रॅम किंवा मिलिलिटरला किमान १०० कोटी पेशी लागतात. आपल्या भुकटीच्या वीसपट. ब्राझीलमधल्या बहुतांश सोयाबीनला दरवर्षी कल्चर लावतात आणि नत्राचे खत जवळजवळ देतच नाहीत. या कामासाठी २०२५चा वर्ल्ड फूड प्राइझ तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मारियांजेला हुंग्रिया यांना मिळाला. ब्राझीलचे हेक्टरी उत्पादन ३ टनांच्या वर आहे त्याला वाण, हंगामाची लांबी, पाऊस अशी पुष्कळ कारणे आहेत. सगळे श्रेय जिवाणूंना देणे खोटे होईल. पण मानक कुठे ठेवायचे हा निर्णय पावसाच्या हाती नसतो, सरकारच्या हाती असतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो वजनदार आहे. माळव्यात सोयाबीन पन्नास वर्षे होते आहे. जमिनीत ब्रॅडीरायझोबियम स्थायिक झाला आहे. मग पुन्हा पुन्हा कल्चर कशाला? हे खरे की नव्या जमिनीत कल्चरचा जो ठसठशीत फरक दिसतो तो जुन्या सोयाबीनच्या रानात दिसत नाही. कधी काहीच दिसत नाही. पण जमिनीतले रहिवासी जिवाणू तिथे टिकण्यात पटाईत असतात, नत्र बांधण्यात असतीलच असे नाही. गाठी मात्र तेच आधी अडवतात. बियाण्यावर पेशींची संख्या भरपूर असेल तरच जिवाणूच्या नव्या, कार्यक्षम वाणाला मुळावर जागा मिळते. ब्राझीलच्या जुन्या रानांतही दरवर्षीच्या कल्चरने सरासरी ८ टक्क्यांच्या आसपास वाढ नोंदली गेली आहे. आठ टक्के डोळ्यांना दिसत नाहीत, वजनकाट्यावर दिसतात. म्हणून या बाबतीत ‘चमत्कार’ विकणाऱ्यांपासून मला जास्त भीती वाटते. दुप्पट पीक सांगून विकलेले कल्चर आठ टक्क्यांवर थांबले की शेतकरी ते फेकून देतो.

पीएसबीबद्दलही असेच जपून बोलायला हवे. स्फुरद विरघळवणारे हे जिवाणू आम्ले सोडून चुन्याशी बांधला गेलेला स्फुरद मोकळा करतात. आपली काळी माती चुनखडीयुक्त, विम्लतेकडे (आम्लतेच्या उलट) झुकणारी, म्हणून दिलेल्या स्फुरदातला मोठा भाग असाच अडकून पडतो. तो सोडवायला मदत होते हे ठीक. पण जिवाणू स्फुरद निर्माण करत नाहीत. दाण्याबरोबर गेलेला स्फुरद कधीतरी परत द्यावाच लागतो, आणि गाठींना स्वतःलाच स्फुरद भरपूर लागतो. डीएपीचाच हट्टही सोडून द्यावा. सुपर फॉस्फेटमधून स्फुरदाबरोबर गंधक मिळते, ते सोयाबीनला हवे असते आणि डीएपीत नसते. पोती जास्त उचलावी लागतात एवढाच त्रास. युरियाचे ४५ किलोचे पोते २६६ रुपये ५० पैशांना मिळते म्हणून सोयाबीनवरही तो फेकणारे आहेत. आयता नत्र मिळाला की झाड गाठी पोसणे कमी करते. म्हणजे अनुदानाच्या पैशातून आपण हवेतला फुकटचा नत्र बंद करतो.

जीवामृत वापरणाऱ्या मित्रांचा माझ्यावर राग होईल, तरी सांगते. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन यांच्या पिंपात असंख्य जीव वाढतात आणि मातीला त्याचा उपयोग होतो. पण त्या पिंपात सोयाबीनचा नेमका ब्रॅडीरायझोबियम पुरेशा संख्येने वाढला आहे, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. ते कल्चरला पर्याय नाही. दोन्ही वापरावीत.

आणि जिवाणू कितीही चांगले आणले तरी त्यांना मातीत खायला काय आहे, हा प्रश्न उरतोच. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली गेलेली जमीन तपासणीत ‘कमी’ या वर्गात पडते. अशा जमिनी माळव्यात पुष्कळ आहेत, आणि कारण लपलेले नाही. एप्रिलमध्ये गहू हार्वेस्टरने निघाला की उरलेल्या नरवाईला (गव्हाच्या खुंटांना आणि काडाला) काडी लावली जाते. रात्री उज्जैन रस्त्याने येताना दोन्ही बाजूंना जळणाऱ्या रेघा दिसतात. एक टन काडात सुमारे ४०० किलो कार्बन असतो. तो जवळजवळ सगळा हवेत जातो, आणि वरच्या थरातले जीवही भाजतात. गेल्या काही वर्षांत नरवाई जाळण्यात मध्य प्रदेश देशात वरच्या क्रमांकांवर आहे. दंड आहेत, १ मे २०२५ पासून जाळणाऱ्यांचा मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचा लाभ थांबवण्याचा आदेशही आहे. पण नरवाई मातीत गाडायला लागणारे यंत्र वेळेवर भाड्याने मिळाले नाही, तर दंडाची भीती घालून गव्हामागून येणाऱ्या मुगाच्या पेरणीची घाई थांबत नाही. एप्रिलच्या त्या पंधरवड्यात पंचायतीला असली दोन यंत्रे, सुपर सीडर, मिळाली तर जे होईल ते नोटिसांनी होणार नाही.

हे सगळे इंदुरात सांगावे लागते याचे मला फार वाईट वाटते. १९२४ साली याच शहरात इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली, होळकर दरबाराने तिला जमीन दिली. तिथे सर अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पिकाचे अवशेष, शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर लावून, ठरावीक वेळी वरखाली करून, तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली. कपाशीच्या टणक पऱ्हाट्या कुजत नाहीत म्हणून त्या रस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चुरून घेत. १९३१ साली दोघांनी ती पद्धत छापून जगापुढे ठेवली, आणि ‘इंदूर पद्धत’ म्हणून ती जगभर गेली. १९३५ साली गांधीजी इंदुरात आले तेव्हा त्यांनीही ती पाहिली. हॉवर्डचे नाव पुष्कळांना माहीत आहे. वाडांचे नाव इंदूरच्या मराठी घरांतही क्वचितच निघते.

आज त्याच शहरात राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्था आहे, १९८७पासून. सोयाबीन प्रक्रियादारांची ‘सोपा’ (SOPA) ही संघटना इथेच आहे. देवगुराडियाला रोज ५५० टन ओल्या कचऱ्यावर चालणारा बायो-सीएनजी प्रकल्प २०२२ साली सुरू झाला. त्यातून रोज १०० टन सेंद्रिय खत मिळावे अशी त्याची क्षमता आहे. पूर्ण क्षमतेने वर्षाला साडेछत्तीस हजार टन. हेक्टरी ५ टन धरले तर सात हजार हेक्टरांना पुरते. इंदूर जिल्ह्याच्या सोयाबीनपुढे हा घास लहान आहे, पण शहरात आलेले अन्न मातीकडे परत जाण्याची ती वाट आहे. जड धातूंची तपासणी प्रत्येक खेपेला करून, अहवाल खताच्या गाडीवर लावून, ते खत आधी इथल्या शेतांना मिळायला हवे.

कल्चर गावापर्यंत जिवंत पोचवण्याची वाटही आपल्याकडे तयार आहे. सांचीच्या, म्हणजे मध्य प्रदेशच्या सहकारी दूध संघाच्या, दूध संकलनाची शीतसाखळी आपल्या ग्रामीण भागात आहे. बऱ्याच ठिकाणी दूध थंड करणारी बल्क कूलरे आहेत, वीज गेली तर पर्याय आहे, रोज गाडी येते-जाते. मेअखेरीपासून तीन आठवडे या गाड्यांमधून, वेगळ्या पेटीत, कल्चर गावात यावे आणि दूध सोसायटीच्या खोलीतून, सदस्याच्या खात्यावर, विकले जावे. फुकट नव्हे. फुकट वाटलेल्या पाकिटाच्या अवस्थेबद्दल कुणी तक्रार करत नाही, म्हणून ते वाईट होत जाते. विकत घेतलेल्याबद्दल शेतकरी भांडतो. आणि प्रत्येक खेपेतली काही पाकिटे कारखान्याच्या दारात न तपासता या सोसायटीच्या खोलीतून उचलून तपासावीत. निकाल पेरणीआधी तालुक्याच्या फलकावर लावावा: कुठली खेप, किती जिवंत पेशी. सातव्या दिवशी कळणारी गोष्ट आहे. कल्चर मेअखेर गावात आले तर वेळ पुरतो. मानक ब्राझीलसारखे १०० कोटींवर न्यायला केंद्राकडे जावे लागेल, पण ही तपासणी राज्य उद्या सुरू करू शकते.

सरकारच्या मातीच्या कार्डाचाही (सॉईल हेल्थ कार्ड) विचार व्हावा. २०१५पासून मिळणाऱ्या या कार्डावर बारा रकाने आहेत: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. मातीत जीव आहे की नाही याचा तेरावा रकाना नाही. चाळिसाव्या दिवशी दहा रोपांच्या गाठी मोजून, चिरून, कार्डावर लिहिता येतील. कृषी महाविद्यालयाची मुले ऑगस्टमध्ये हे काम आनंदाने करतील. त्यांना तेवढा प्रवासखर्च द्यावा.

शेतकऱ्याच्या हातात जे आहे तेही नीट सांगितले जावे. क्रम महत्त्वाचा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, ते सुकल्यावर शेवटी कल्चर, सावलीत, आणि लगेच पेरणी. दुपारच्या उन्हात ताडपत्रीवर वाळत पडलेल्या बियाण्यावर दाण्यामागच्या ३० हजार पेशींतल्या किती उरतात याचा विचार करवत नाही. औषध आधीच लावलेले बियाणे असेल तर कल्चर चाळलेल्या शेणखतात मिसळून पेरणीच्या ओळीत टाकणे बरे.

शेवटचा मुद्दा इंदूरच्या मराठी घरांसाठी आहे. आपल्यापैकी पुष्कळांची सांवेर, देपालपूर, हातोद, देवासकडे जमीन आहे, कुणाच्या पणजोबांना दरबारातून मिळालेली, कुणी नंतर घेतलेली. ती बहुतेक वर्षावर्षाच्या बोलीने बटाईला किंवा ठेक्याला जाते. एका हंगामापुरती जमीन घेणारा माणूस पाच वर्षांनी वाढणाऱ्या सेंद्रिय कर्बावर पैसे का घालील? नरवाई जाळल्याबद्दल त्याला नावे ठेवण्याआधी करार बदलला पाहिजे. शेणखताचा किंवा कंपोस्टचा खर्च जमीनमालकाने द्यावा, कल्चरचा निम्मा-निम्मा, नरवाई गाडण्याच्या यंत्राचे भाडे मालकाच्या हिश्श्यातून कापावे, आणि मुदत किमान तीन वर्षांची असावी. त्याहून कमी मुदतीत मातीत घातलेला पैसा घालणाऱ्याच्या हाती परत येत नाही.